८५ अंशांचा कपॅसिटर, ५ वर्षांची वॉरंटी

पत्र:

«औद्योगिक यंत्रांसाठी पॉवर सप्लाय बनवणाऱ्या एका लहान कंपनीत मी डिझाइन इंजिनिअर आहे. माझं पहिलंच स्वतंत्र डिझाइन आहे: २४ व्होल्ट, १० अँपिअर, बंद पत्र्याच्या पेटीत, पंख्याशिवाय. आत पीएफसी (मेन्समधून घेतलेल्या करंटचा आकार सुधारणारं सर्किट) आहे, त्याची बस, म्हणजे आतली डीसी लाइन, ३९० व्होल्टवर ठेवली आहे. कार्यक्षमता ९० टक्के. बाहेर ४० अंश असताना पूर्ण लोडवर आउटपुटच्या कपॅसिटरच्या अंगावर ७५ अंश मोजले. यंत्रं दिवसरात्र चालतात आणि विक्री विभागाने ५ वर्षांची वॉरंटी कबूल केली आहे. आता खर्च १२ टक्क्यांनी कमी करा असा आदेश आलाय. खरेदी विभागाची यादी अशी: आउटपुटचे १०५ अंश, ५००० तासांचे कपॅसिटर जाऊन ८५ अंश, २००० तासांचे, त्या बसवरच्या ४५० व्होल्टच्या मोठ्या (बल्क) कपॅसिटरऐवजी ४०० चा, पीएफसीचा ६५० व्होल्टचा मॉसफेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) जाऊन ६०० चा, बोर्डावर ७० मायक्रॉनऐवजी ३५ मायक्रॉन तांबं, इनपुटचा एमओव्ही (सर्ज, म्हणजे व्होल्टेजचे झटके झेलणारा भाग) रद्द, आणि हीटसिंक अर्धा करून एक छोटा पंखा. मी सगळ्यालाच नाही म्हटलं. वरिष्ठ म्हणतात, एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) ५ लाख तास आहे, मग एवढी भीती कशाची? आता मी बोलायला लागले की मीटिंगमध्ये लोक एकमेकांकडे बघून हसतात. मी हट्ट कुठे धरू आणि कुठे सोडू?»

उत्तर:

यादीतल्या सहापैकी दोन मागण्या मान्य करून टाका: ६०० व्होल्टचा मॉसफेट आणि ३५ मायक्रॉनचं तांबं. दोन्ही अटी घालून, पण मान्य करा. उरलेल्या चार ठिकाणी अजिबात हटू नका. सगळ्यालाच नाही म्हटलं की त्यातला कोणता नकार वॉरंटी बुडवण्याइतका गंभीर आहे आणि कोणता नुसता सवयीचा, हे समोरच्याला कळत नाही. मग तो सगळेच नकार सवयीचे धरून चालतो. मीटिंगमधलं हसू तिथून येतं. तुमच्या ज्ञानावर कुणी शंका घेतलेली नाही, म्हणून ते फार मनाला लावून घेऊ नका.

आता थोडं कडू बोलतो. महाग भाग लावला की सप्लाय टिकतो, असं धरून तुम्ही भांडताय. स्वस्त भाग लावला की पैसे वाचतात, असं धरून खरेदीवाले भांडतायत. भागाच्या किमतीवरून यातलं काहीच ठरत नाही. प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: हा कशाने संपणार आहे? काही भाग रोज थोडेथोडे झिजतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, पंखा, प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या ऑप्टोकपलरमधला एलईडी, रिलेचे काँटॅक्ट, प्रत्येक सर्ज झेलताना थोडा खर्ची पडणारा एमओव्ही, तापून-निवून थकणारे सोल्डरचे सांधे, हे त्यातले. दुसरे भाग मर्यादेच्या आत ठेवले तर व्यवहारात झिजत नाहीत. फेराइट, तांबं, बहुतेक रेझिस्टर, मर्यादेत चालणारा सिलिकॉनचा मॉसफेट. पैसा पहिल्या गटावर खर्च करायचा आणि कात्री दुसऱ्या गटाला लावायची. तुमच्या खरेदी विभागाची कात्री मुख्यतः उलट्या गटावर पडली आहे. त्यांना दोष देऊ नका. हा फरक त्यांना सांगण्याचं काम तुमचं होतं.

कपॅसिटरपासून सुरुवात करतो, कारण या सप्लायचं आयुष्य तिथेच ठरणार आहे. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकच्या आत द्रव असतो आणि तो रबरी बुचातून हळूहळू उडून जातो. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं, हा सर्वमान्य ठोकताळा तुम्हाला माहीत असेलच. खरेदीवाल्यांसमोर तो मांडा. ८५ अंश, २००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर ठेवला तर ४००० तास. यंत्र दिवसरात्र चालतं, म्हणजे साडेपाच महिने. ५ वर्षांचे तास होतात ४३,८००. इथे शंभरात दोन-चार सप्लाय परत येतील असा विषयच नाही. वॉरंटी संपायच्या आत जवळजवळ सगळे कपॅसिटर थकलेले असतील. आयुष्य संपलं म्हणजे लगेच फुटला असं नव्हे. सहसा कपॅसिटन्स २० टक्क्यांनी घटला किंवा ईएसआर (कपॅसिटरच्या आतला रोध) ठरावीक पटीने वाढला की उत्पादक आयुष्य संपलं असं धरतात. पण ईएसआर वाढला की रिपल करंट (कपॅसिटरमधून सतत आत-बाहेर वाहणारा करंट) जास्त उष्णता निर्माण करतो, उष्णतेने उरलेला द्रव आणखी लवकर उडतो, आणि तिथून उतार वेगाने येतो.

हेच गणित तुमच्या कपॅसिटरला लावून बघा. १०५ अंश, ५००० तास, तुम्ही मोजलेले ७५ अंश. तीन वेळा दुप्पट केलं की ४०,००० तास. कबूल केलेल्या वॉरंटीपेक्षा ३८०० तास कमी! ज्या कपॅसिटरसाठी तुम्ही भांडताय, तोही कागदावर ५ वर्षं पुरत नाही. हे कुणी दुसऱ्याने मीटिंगमध्ये दाखवून देण्याआधी तुम्हीच दाखवा.

कपॅसिटर ६५ अंशांवर आणता आला तर त्याच भागाला ८०,००० तास मिळतात, म्हणजे ९ वर्षं. एवढंच नाही, ६५ अंशांवर १०५ अंश, ३००० तासांचा, म्हणजे आताच्यापेक्षा स्वस्त मालिकेतला कपॅसिटरसुद्धा ४८,००० तास जातो आणि वॉरंटी कशीबशी पार करतो. माझं सगळं म्हणणं या १० अंशांत आहे. टिकाऊपणा उष्णता काढून मिळवायचा, आणि त्यातून सुटलेले पैसे भागांवर वाचवायचे. मी असतो तर ५००० तासांचाच ठेवला असता, कारण धुळीने माखलेल्या पेटीत आणि बाहेर ४५ अंश असताना ते उरलेले ४२०० तास कुठल्या कुठे जातात. पण निर्णयाला निदान जागा तरी होते.

डेटाशीट वाचताना एक सांभाळा. काही उत्पादक ५००० तास हे पूर्ण रिपल करंट वाहत असताना देतात, काही नुसता डीसी व्होल्टेज लावून. दोन्हीकडे आकडा ५०००च छापलेला असतो, भाग मात्र सारखे नसतात. खरेदी विभाग पर्यायी मालिका सुचवेल तेव्हा हेच बघायचं राहून जातं. आणि अंगावरच्या ७५ अंशांपेक्षा आतला गाभा जास्त तापलेला असतो. किती, ते रिपल करंट आणि ईएसआरवर ठरतं. उत्पादकाचं स्वतःचं सूत्र त्यासाठीच असतं. शेवटचा आकडा त्यातून काढा, माझ्या ठोकताळ्यातून नको.

मग ते १० अंश आणायचे कुठून? तुमची कार्यक्षमता ९० टक्के आहे, म्हणजे २४० वॅट बाहेर जाताना जवळजवळ २७ वॅट पेटीत उष्णता बनून राहतात. आउटपुटला तुम्ही काय लावलंय ते लिहिलेलं नाही, पण या आकड्यावरून करंट एकाच दिशेने सोडणारे शॉटकी डायोड असावेत असं वाटतं. १० अँपिअरला ०.६ व्होल्टचा ड्रॉप धरला तरी ६ वॅट तिथेच गेले, आणि तेही बहुधा कपॅसिटरच्या शेजारी. त्याऐवजी काही मिलीओहमचे दोन मॉसफेट आणि त्यांना डायोडसारखं वेळेवर चालू-बंद करणारा सिंक्रोनस रेक्टिफायरचा कंट्रोलर लावला तर हा तोटा १ वॅटच्या आसपास येतो. २७ मधले ५ गेले, जवळजवळ पाचवा भाग. बंद पेटीत आतली तापमानवाढ साधारण तोट्याच्या प्रमाणात असते. तुमच्याकडे ती ३५ अंशांची आहे, तिचा पाचवा भाग म्हणजे ७ अंश. उरले ३. डायोडसाठी लावलेला हीटसिंकही आता लहान करता येईल. यादीतली शेवटची मागणी निम्मी पूर्ण झाली, आणि पंखा न लावता. कंट्रोलर आणि मॉसफेट डायोडपेक्षा महाग पडतात हे खरं. हीटसिंकचा धातू, तो बसवायची मजुरी आणि पेटीचा आकार धरून बेरीज करा. ती बऱ्याचदा तुमच्या बाजूने येते. नाही आली, तरी वॉरंटी वाचवायला किती पैसे लागतात ते नेमकं कळेल.

राहिलेले ३ अंश लेआउटमधून निघतात आणि त्याला पैसा लागत नाही. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या पेटीत गरम हवा वर जाते. सप्लाय ज्या बाजूने उभा बसतो त्यात कपॅसिटर खालच्या कडेला ठेवा, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या वर नकोत. तांब्याचा रुंद पट्टा करंट नेतो तशी उष्णताही नेतो. तापलेल्या भागाच्या पायापासून थेट कपॅसिटरच्या पायापर्यंत लहानसा रुंद पट्टा ओढला असेल, तर कपॅसिटर पायांतूनच भाजतोय. दोन्हींच्या मध्ये अंतर ठेवा आणि उष्णता पेटीच्या पत्र्याकडे वळवा. शक्य असेल तर एका मोठ्या कपॅसिटरऐवजी दोन लहान लावा. रिपल वाटला जातो आणि उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग वाढतो. एवढं करून पुन्हा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून मोजा. कदाचित १२ अंश मिळतील, कदाचित ८. जे मिळेल त्यावर भागाची निवड करा.

बल्क कपॅसिटरची मागणी मात्र सरळ नाकारा, आणि कारण एका वाक्यात द्या: बस ३९० व्होल्टची आणि कपॅसिटर ४०० चा, अंतर फक्त १० व्होल्ट. मेन्सच्या दुप्पट वारंवारतेचा रिपल या ३९० वर वरखाली होतच असतो. तुमच्या पॉवरला सर्वसाधारण आकाराच्या कपॅसिटरवर तो ५-६ व्होल्ट वर जातो. त्यात पीएफसीचा व्होल्टेज लूप मुद्दाम संथ ठेवलेला असतो, नाहीतर इनपुट करंटचा आकार बिघडतो. यंत्राने अचानक लोड सोडला की त्या संथ लूपला सावरायला वेळ लागतो आणि बस ४२० च्या घरात सहज जाऊन येते. कुणी म्हणेल, मग बसच खाली आणा. २६५ व्होल्ट एसीचं शिखर ३७५ असतं आणि बूस्ट कन्व्हर्टरला त्याच्या वरच राहावं लागतं, म्हणून ३९० च्या फार खाली जायला जागाच नाही. ४५० हाच आकडा बरोबर आहे.

मॉसफेटचं तसं नाही. बस ४२० ला गेली तरी ६०० च्या ७० टक्केच होते. मॉसफेटच्या ड्रेन या टोकावरचं व्होल्टेजचं शिखर ४८० च्या आत, म्हणजे ८० टक्क्यांच्या आत राहतंय का ते मोजा. मेन्स सर्वांत जास्त असताना, सुरू होताना, लोड झटकन लावताना आणि काढताना, आणि ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावून मोजा. लांब वायरने दिसणारी बरीच शिखरं प्रोबचीच असतात. आकडा आत आला की होकार द्या. फक्त उंच पठारावर किंवा डोंगरावर बसणाऱ्या यंत्रांसाठी हा सप्लाय जाणार असेल तर थोडं जास्त अंतर ठेवा, कारण अंतराळातून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने उच्च व्होल्टेजचे मॉसफेट अचानक जाण्याचं प्रमाण उंचीबरोबर वाढतं आणि व्होल्टेज कमी ठेवलं की ते झपाट्याने घटतं. आणि पर्याय निवडताना पहिल्या पानावरच्या करंटच्या आकड्यावर जाऊ नका. तो केसचं तापमान २५ अंश धरून काढलेला असतो. या जातीच्या मॉसफेटचा चालू स्थितीतला रोध १२५ अंशांच्या पुढे २५ अंशांच्या दुपटीहून जास्त होतो. तुलना त्या रोधाची करा, तीही मेन्स सर्वांत कमी असताना, कारण करंट तेव्हा सर्वाधिक असतो.

३५ मायक्रॉन तांब्याचंही तेच. जिथे १० अँपिअर वाहतात तिथे दोन्ही थरांवर रुंद पट्टे टाका, मधून भरपूर व्हाया (थर जोडणारी छिद्रं) द्या, आणि पट्ट्याचं तापमान मोजा. तांबं झिजत नाही. ते थंड राहिलं की विषय संपला. उष्णता पसरवण्यासाठी तुम्ही तांब्यावर कुठे अवलंबून होतात का, एवढं आठवून बघा.

एमओव्ही ठेवा. सर्जची चाचणी आयईसी ६१०००-४-५ प्रमाणे होते, १.२/५० मायक्रोसेकंदांची व्होल्टेज लाट किलोव्होल्टमध्ये मारतात. एमओव्हीशिवाय ती ऊर्जा ब्रिज आणि मॉसफेट शोधत जाईल. बचत करायचीच तर त्याचा आकार तपासा. गरजेपेक्षा मोठी चकती लावली असेल तर लहान चालेल. पण तो फ्यूजच्या नंतरच हवा. म्हातारा झालेला एमओव्ही बहुधा शॉर्ट होऊन तापतो, आणि तेव्हा त्याच्या आधी फ्यूज नसला तर पेटी जळते.

पंख्याबद्दल फार लिहीत नाही. झिजणारा एक भाग वाढतो, तो धूळ आत ओढतो, आणि तो थांबला की अर्धा केलेला हीटसिंक बाकीच्यांना वाचवू शकत नाही. दिवसरात्र चालणाऱ्या बंद पेटीत तो नको.

आता एमटीबीएफ. वरिष्ठांचा गैरसमज फार सार्वत्रिक आहे, त्यामुळे त्यांना कमीपणा वाटणार नाही अशा बेताने सांगा. ५ लाख तास म्हणजे ५७ वर्षं, असा हिशेब मनातल्या मनात होतो आणि माणूस निश्चिंत होतो. समजा २५ वर्षांच्या तरुणांत वर्षाला हजारात एक दगावतो. या दराने त्यांचा एमटीबीएफ १००० वर्षं निघेल, म्हणून कुणी १००० वर्षं जगत नाही. म्हातारपण त्या आकड्यात धरलेलंच नसतं. एमटीबीएफ हा मधल्या काळातल्या अपघाती बिघाडांचा दर आहे. कपॅसिटर वाळण्याला त्यात जागा नाही. मिल-एचडीबीके-२१७ सारख्या हँडबुकातून भागांचे दर बेरजेला लावून तो काढलेला असतो आणि ती बेरीज दर काळानुसार बदलत नाही असं धरून होते. आणि तो जसाच्या तसा खरा मानला तरी १००० सप्लाय वर्षभर दिवसरात्र चालले की ८७ लाख ६० हजार तास भरतात. भागिले ५ लाख. वर्षाला १७-१८ बिघाड. वरिष्ठांना हा आकडा ठाऊक नसेल. ५ वर्षांत हजारामागे ८५-९० सप्लाय परत येणार, हे चांगल्या डिझाइनचं गणित झालं, साडेपाच महिन्यांच्या कपॅसिटरचं नव्हे.

पैशाची भाषा मात्र बोलायलाच हवी, तिला कमी लेखू नका. एका सप्लायमागे वाचणारी रक्कम घ्या आणि वॉरंटीतला एक बिघाड निस्तरायच्या एकूण खर्चाने भागा. त्या खर्चात नवा सप्लाय, वाहतूक, जाणाऱ्या माणसाचा दिवस आणि करारात असेल तर यंत्र बंद राहिल्याची भरपाई, सगळं धरा. समजा उत्तर दोनशेत एक आलं. म्हणजे या बदलामुळे बिघाडाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याने जरी वाढलं तरी बचत शून्य. प्रत्येक मागणीपुढे ही टक्केवारी लिहा. मॉसफेटपुढे लिहिलेला आकडा बघून तुम्हाला स्वतःलाच वाटेल की इथे उगाच अडवलं होतं. कपॅसिटरपुढचा आकडा बघून खरेदीवाले आपणहून मागणी मागे घेतील. निदान मी ज्या खरेदीवाल्यांशी बोललो आहे ते सगळे आकड्यांना मान देणारे होते. त्यांना राग येतो तो नुसत्या "क्वालिटी" या शब्दाचा.

उष्णतेचं ऐकलं नाही तर काय होतं याचं मोठं उदाहरण हवं असेल तर फेब्रुवारी २०१४ चं टोयोटा प्रियसचं घ्या. जगभरातल्या १९ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण बूस्ट कन्व्हर्टरमधल्या काही ट्रान्झिस्टरवर ठरावीक परिस्थितीत उष्णतेचा ताण जास्त येऊन ते खराब होऊ शकत होते. दोष नियंत्रण सॉफ्टवेअरच्या मांडणीत होता आणि उपाय मुख्यतः नवं सॉफ्टवेअर हाच होता. म्हणजे ताण कमी करायला महाग ट्रान्झिस्टर लागलाच असं नाही. तापून-निवून येणाऱ्या थकव्यात तापमानाच्या चढउताराचा फरक फार बोलतो. पॉवर मॉड्यूलच्या चाचण्यांत आयुष्य या फरकाच्या साधारण पाचव्या घाताने घटताना दिसलं आहे. चढउतार निम्मा केला की आयुष्य तिसेक पट. पण तुमची यंत्रं दिवसरात्र एकसारखी चालतात, म्हणजे हा थकवा तुमच्याकडे दुय्यम आहे आणि त्यावर आत्ता पैसा घालू नका. हाच सप्लाय उद्या दर मिनिटाला चालू-बंद होणाऱ्या यंत्राला विकायची वेळ आली तर प्राधान्यक्रम पूर्ण बदलेल. यंत्र कसं वापरलं जातं हे विक्री विभागाकडून लेखी मागून घ्या.

१२ टक्के तरी कुठून आणायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण नकारासोबत पर्याय नसेल तर तुमचं कुणी ऐकणार नाही. ईएमआय फिल्टर (विद्युत गोंगाट रोखणारा) बघा. चाचणीत मर्यादेच्या खाली १२ डेसिबल अंतर राहत असेल तर त्यातला चोक (तारेची कॉइल) लहान करून ६ वर आणता येईल, कारण चोक झिजत नाही. (त्याच फिल्टरमधले एक्स कपॅसिटर मात्र दमट हवेत वर्षानुवर्षं थोडा कपॅसिटन्स गमावतात, म्हणून अगदी कड गाठू नका.) वेगवेगळ्या मूल्यांचे रेझिस्टर आणि कपॅसिटर किती प्रकारचे लागलेत ते मोजा, प्रकार कमी केले की खरेदी स्वस्त होते आणि मशीनवरची मांडणी सोपी. हाताने कापणं, वाकवणं, सोल्डर करणं किती जागी होतंय? तिथले एकेक काम काढलं की मजुरी वाचते आणि हाताचे सांधे कमी झाल्याने टिकाऊपणाही वाढतो. पेटीचे स्क्रू, रंग, छपाई यातही पैसे असतात.

काही गोष्टींना तर पैसेच लागत नाहीत. हीटसिंक बोर्डाला स्वतंत्र पायांनी बसवा, नाहीतर कंपनाचं सगळं ओझं मॉसफेटचे तीन पाय उचलतात. जड कपॅसिटर टेकवायला जुना पिवळा डिंक वापरत असतील तर थांबवा. तो उष्णतेने तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि पाय गंजवतो. न गंजवणारं सिलिकॉन वापरा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरच्या टोकाला सोल्डर लावू देऊ नका, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, जोड सैल होतो आणि तापतो; फेरूल, म्हणजे दाबून बसवायची धातूची नळी, लावा.

खरेदी विभागाशी एक करार मात्र पक्का करा: कपॅसिटरचा उत्पादक किंवा मालिका तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायची नाही, आणि माल अधिकृत वितरकाकडूनच घ्यायचा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकांच्या मदरबोर्डवरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मोठ्या संख्येने फुगले आणि फुटले. इलेक्ट्रोलाइटचं मिश्रण सदोष होतं, आत हायड्रोजन वायू साठत होता. कागदावर ते भाग निर्दोष होते.

सुरक्षेचे भाग या वेळच्या यादीत नाहीत, पुढच्या वेळी येतील. वाय कपॅसिटर, फ्यूज, ऑप्टोकपलरचं इन्सुलेशन, ट्रान्सफॉर्मरमधली इन्सुलेशन टेप, मेन्सकडची (प्रायमरी) आणि आउटपुटकडची (सेकंडरी) बाजू यांच्यामधलं बोर्डावरचं अंतर. इथे टक्केवारीचं गणित मांडायलाच बसू नका, कारण बिघडला तर सप्लाय परत येतो तसा माणूस परत येत नाही. प्रमाणपत्र असलेला भाग, मानकात दिलेलं अंतर, बस्स. इथे तुम्ही एकट्या पडलात तरी चालेल.

आता करायचं एवढंच. एक पान बनवा. डाव्या बाजूला भाग, मग मोजलेला ताण, त्याची मर्यादा, अंदाजे आयुष्य, वर सांगितलेली टक्केवारी आणि तुमचा निर्णय. मान्य केलेल्या दोन मागण्या सर्वांत वर ठेवा. स्वतःच्या कपॅसिटरचे कमी पडणारे ३८०० तास आणि ते भरून काढायची योजना त्यानंतर. नकार शेवटी. मीटिंगच्या आधी ते पान वरिष्ठांना एकट्याने दाखवा, म्हणजे सगळ्यांसमोर त्यांना भूमिका बदलावी लागणार नाही. एवढं करूनही त्यांनी स्वस्त कपॅसिटरच लावायचा ठरवला, तर भांडू नका. वॉरंटी त्या आयुष्याइतकी खाली आणा असं लेखी सुचवा. कमी वॉरंटीचा स्वस्त सप्लाय विकणं प्रामाणिक आहे आणि तसे ग्राहकही असतात. ५ वर्षं सांगून साडेपाच महिन्यांचा विकणं प्रामाणिक नाही, आणि तुमचा निर्णय त्या पानावर तुमच्या सहीनिशी असला पाहिजे.

नवा लेआउट आला की पहिल्या लॉटमधले काही नग ४० अंशांच्या चेंबरमध्ये पूर्ण लोडवर ठेवा, थर्मोकपल कपॅसिटरच्या अंगाला इपॉक्सीने चिकटवून, पेटीचं झाकण बंद करून. झाकण उघडं ठेवून घेतलेले आकडे त्या पानावर लिहू नका.